उमेदवारांचा तुलनात्मक तक्ता

माणसाला एक गोष्ट चांगली येत असली की ती तो नको तिथेही वापरतो. मला टेंडरं तपासता येतात. इथे बहरीनमध्ये, सित्र्याच्या एका कारखान्यासाठी गेली अठरा वर्षं मी पंप आणि व्हॉल्व्ह विकत घेतोय. डावीकडे आमच्या अटी, उजवीकडे दोन कंपन्यांचे दोन रकाने, आणि प्रत्येक अटीपुढे ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘अंशतः’. याला आम्ही कंपॅरेटिव्ह म्हणतो. घरात फ्रिज घ्यायचा झाला तरी मी आधी कंपॅरेटिव्ह करतो. बायको म्हणते, “बरं झालं, आपलं लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला एक्सेल येत नव्हतं.”

जनाबियात आमच्या शेजारच्या व्हिलात एक अमेरिकन बाई राहतात. साठीच्या, एकट्या, इथल्याच एका शाळेत चौथीला शिकवतात. इतकी वर्षं झालीत त्यांना इथे, की ‘चला’ म्हणायचं तर अरबी ‘यल्ला’ आमच्यापेक्षा सफाईने म्हणतात. एका संध्याकाळी त्या पायरीवर कागदांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मतदारसंघात काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक होती. मतपत्रिका त्यांना ईमेलने आली होती. छापून, खूण करून, पाकिटातून वेळेत तिकडे पोचवायची. उमेदवार दोन: एक जुने सभासद आणि त्यांच्याविरुद्ध पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या एक वकीलबाई.

“माझा भाऊ सैन्यात होता,” त्या म्हणाल्या. “फुप्फुसं गेलीत त्याची. गावात माजी सैनिकांचा दवाखाना आहे, तो बंद करायचं घाटतंय. पुढचा चार तासांवर. त्याला गाडी चालवता येत नाही. तेव्हा मला एवढंच ठरवायचंय, की दोघांपैकी दवाखाना कोण वाचवील.”

“द्या इकडे,” मी म्हणालो. “दोन दिवसांत कंपॅरेटिव्ह करून देतो.”

घरी आल्यावर बायकोने कागद बघितले. “अहो, तुम्ही स्वतः कधी मत दिलंय का?”

“इथून देता येत नाही. भारतात जावं लागतं.”

“जाताच की दर मे महिन्यात. आंब्यांना.”

मी दार लावून कामाला बसलो.

तक्ता मात्र देखणा झाला, हे मी आजही म्हणेन. एकतीस ओळी. नदीवरचं धरण, शाळांचा निधी, औषधांच्या किमती, परदेशातून येणारी माणसं, बंदुका, आणि पिवळ्या रंगात, ठळक अक्षरांत, दवाखाना. दोघांच्या वेबसाइट, भाषणं, जुन्या मुलाखती, सगळं वाचलं. दवाखान्याच्या ओळीत वकीलबाईंपुढे ‘अंशतः’ लिहिलं, कारण त्यांनी म्हटलं होतं की दोन वर्षं तो नक्की चालू ठेवू, पुढचं तेव्हा बघू. जुन्या सभासदांपुढे ‘मान्य’. खाली बेरीज, निकाल आणि माझी शिफारस. शिफारशीखाली सहीसुद्धा ठोकली.

बाईंनी चष्मा लावला, पट्टी घेतली, आणि ओळीखाली पट्टी सरकवत वाचायला लागल्या. शाळेत वह्या तपासतात ना, तसं. पिवळ्या ओळीवर पट्टी थांबली.

“हे त्यांनी कुठे म्हटलंय?”

“म्हटलेलं नाही,” मी जरा तोऱ्यातच म्हणालो. “पण हरकतही घेतलेली नाही. आमच्याकडे जो अटीला हरकत घेत नाही, त्याला ती मान्य आहे असं धरतात.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. चौथीतल्या मुलाने शेजाऱ्याचं उत्तर चुकांसकट उतरवलं की बघत असतील, तसं.

“तुमचा पंपवाला गप्प बसला आणि नंतर उलटला, तर तुम्ही त्याला कोर्टात खेचता. मी यांना कुठे खेचू?”

अठरा वर्षं मी ज्या नियमावर पगार घेतला, तो नियम त्या पायरीवर दोन वाक्यांत आडवा झाला. वर माझ्या तक्त्यात जो स्पष्ट बोलला त्याचे गुण कापले होते, आणि जो बोललाच नाही त्याला पैकीच्या पैकी! बाईंनी मग एकतीसच्या एकतीस ओळी पुन्हा तपासल्या. असे गप्प बसून मिळवलेले ‘मान्य’ दोन्ही रकान्यांत निघाले. मी पक्षपात केला नव्हता. बावळटपणा दोघांना सारखाच वाटून दिला होता.

पुढे जे झालं ते बघून मी खरोखर गार पडलो. बाईंनी एका उमेदवाराच्या कचेरीला फोन लावला. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. स्पीकर लावून त्या म्हणाल्या, “मी तुमच्या मतदारसंघातली मतदार. बहरीनहून बोलतेय.” मी वाट बघत होतो की आता कोणीतरी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणणार. पलीकडची मुलगी म्हणाली, “बोला मॅडम, लिहून घेते.” बाईंनी दवाखान्याचं विचारलं. उत्तर लवकरच कळवू, ती म्हणाली. “लवकर म्हणजे कुठल्या वारी?” मग दुसऱ्या कचेरीला फोन, तोच प्रश्न, बाईंचा आवाजही तोच, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

दोन्हीकडून उत्तरं आली! मला नगरपालिकेने नळाबद्दलच्या पत्राला कधी उत्तर दिलं नाही, आणि इथे समुद्रापलीकडच्या एका शिक्षिकेसाठी दोन प्रचार कचेऱ्या कामाला लागल्या होत्या. जुन्या सभासदांकडून आलं: पाहणीचा अहवाल यायचाय, तोवर शब्द देता येत नाही. वकीलबाईंकडून: दोन वर्षं नक्की, पुढची खात्री नाही. बाईंनी माझं ‘मान्य’ पेनाने खोडलं आणि बारीक अक्षरात लिहिलं, ‘अजून ठरलेलं नाही’. शिफारस मी स्वतःच फाडली.

“भावाला दोन वर्षं पुरतील का, हे मात्र कोणी कळवणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि पट्टी बाजूला ठेवली.

पाकिटावर साक्षीदाराची सही लागत होती. शेजारी चालतो, परदेशी चालतो, म्हणाल्या. त्यांनी मला कोरी मतपत्रिका दोन्ही बाजूंनी दाखवली. “कोरी आहे ना? आता भिंतीकडे तोंड करा.”

बावन्नाव्या वर्षी मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मान वळवायचा मोह झाला नाही असं म्हणालो तर खोटं होईल. पण नाही वळवली. मागे पेनचा आवाज आला नाही, बराच वेळ आला नाही. मशिदीतली अजान सुरू होऊन संपली. मग एक लहानसा खरखराट. दोन सेकंदांचा असेल. एवढ्यासाठी त्या आठवडाभर बसल्या होत्या.

सही करण्याआधी मी पाकिटावरचा मजकूर दोनदा वाचला. लाखो दिनारच्या ऑर्डरवर मी बोलता बोलता सही करतो.

बाईंनी भावाला फोन लावला, स्पीकरवरच. पाकीट तोवर मीच धरून उभा होतो, दोन्ही हातांनी.

“दिलं मत.”

“कोणाला?” पलीकडून घोगरा आवाज आला.

“सांगायचं नसतं रे.”

तो हसला, आणि त्या हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेना.

“गुरुवारी जायचंय मला दवाखान्यात,” अखेर तो म्हणाला. “अजून उघडा आहे.”