पाठीवरचे डाग

इस्त्रीमास्तरांना ॲसिडिटी आहे असं सगळं घर मानायचं. बायको तेवढी मानायची नाही. तिच्या थोरल्या बहिणीचा फोन येऊन गेला की नवरा गोळीच्या डबीकडे हात नेतो, हे तिनं कधीच हेरलं होतं.

थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे मास्तरांचा साडू. वयानं लहान, नात्यानं थोरला. धंदा दोघांचा एकच, खुनाच्या जागी सांडलेलं रक्त वाचायचा. थेंब कुठून उडाला, वार वरून झाला की खालून, माणूस उभा होता की पडलेला, हे कपड्यांवरून आणि भिंतीवरून सांगायचं. साडू हे सांगू लागला की कोर्टातला शिपाईसुद्धा कान देई. मास्तर तेच सांगू लागले की न्यायाधीश चष्मा पुसत. साडूला व्याख्यानाची बोलावणी, साडूचा पेपरात फोटो, साडूच्या पोरीला पहिल्या फटक्यात सरकारी नोकरी. त्यातून माणूस स्वभावानं चांगला. तो वाईट असता तर मास्तरांना निदान शिव्या घालायची सोय झाली असती.

मास्तर हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. वडलांचं इस्त्रीचं दुकान होतं, अन् कोळशाच्या इस्त्रीशेजारीच हे वाढलेले. स्वतःचा शर्ट असा कडक की बसताना कागदासारखा वाजायचा. सुरुवातीला ते साडूच्याच प्रयोगशाळेत हेल्पर होते. खुनाच्या जागी जायचं, कपडे-हत्यारं उचलायची, बांधायची, आणून द्यायची. पुढं परीक्षा देऊन तेही डाग वाचायला लागले, आणि बदली मागून दुसऱ्या शहरात गेले. बदली कशासाठी मागितली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोनं विचारलंही नाही.

त्यांच्या या नव्या टेबलावर एके दिवशी मुद्देमालाचं एक जुनं पाकीट येऊन पडलं.

गॅरेजवाल्याच्या खुनाचं प्रकरण. तप उलटलं होतं त्याला. गॅरेजवाला आपल्याच गॅरेजात डोक्यात पाना बसून मेला होता आणि त्याच्याच धाकट्या भावाला जन्मठेप झाली होती. धाकटा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता. मी आलो तेव्हा दादा पडलेला होता, मी त्याला मांडीवर घेतलं, तो खोकला, ते रक्त माझ्या अंगावर आलं. छाती आणि बाह्या भरल्या होत्या त्याचा खुलासा त्यात होत होता. पण शर्टाच्या पाठीवरही बारीक ठिपक्यांच्या ओळी होत्या. साडू तेव्हा कोर्टात म्हणाला होता, "उचलणाऱ्याची छाती भरते, साहेब. पाठ भरते ती मारणाऱ्याची. हत्यार डोक्यावरून मागं गेलं की रक्त त्याच्याच पाठीवर उडतं."

दुसऱ्या दिवशी पेपरात हेच वाक्य मोठ्या टायपात. मास्तरांना ते तोंडपाठ होतं. कित्येकदा अंघोळ करताना त्यांनी ते स्वतःच्या आवाजात म्हणून पाहिलं होतं.

आता कोर्टानं फेरतपासणी मागितली होती, वेगळ्या प्रयोगशाळेकडून. प्रयोगशाळा वेगळी होती. वाचणारा मात्र आधी वाचणाऱ्याचाच साडू निघाला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी काम देताना नातं काही विचारलं नाही, आणि मास्तरांनी सांगितलं नाही. साडू म्हणजे काही रक्ताचं नातं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

शर्ट पसरला, दिवा तिरका केला, भिंग लावलं. पहिल्या दिवशी काहीच हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर चक्क हसले. उडून आलेला थेंब कापडात मुरतो. पाठीवरच्या ठिपक्यांचा रंग नुसता धाग्यांच्या माथ्यावर बसला होता, खाली उतरलाच नव्हता. आणि ओळींच्या मधोमध एक कोरी वाटोळी जागा होती, बटणाएवढी. मास्तरांनी बाहीचा कफ पाहिला. कफावर तेच ठिपके, पण उलटे, रबरी शिक्क्यावर अक्षरं असतात तसे. मधे बटण.

रक्त पाठीवर उडालंच नव्हतं. ओल्या शर्टाची घडी घालताना बाह्या मागं दुमडल्या गेल्या होत्या, आणि कफांवरचं रक्त पाठीवर उमटलं होतं. पाकीट पहिल्यांदा उघडलं तेव्हाचा फोटोही सोबत होता. त्यात शर्ट पालथा, बाह्या पाठीवर, एकीवर एक.

त्या दिवशी मास्तरांनी गोळी घेतली नाही. वाटेत केस कापून घेतले. कोर्टात फोटोसाठी उभं राहावं लागलं तर असावं म्हणून.

घरी आल्यावर खात्री करायला त्यांनी एक जुना पांढरा शर्ट काढला, मोरीत बसून कफांवर लाल शाई शिंपडली आणि घडी घालायला घेतली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"तो मी फरशी पुसायला काढला होता."

"देतो परत. थांब जरा."

"आणि घडी कसली घालताय त्याची? फडक्याची?"

"फोटोत आहे तशीच घालतोय. तपासायचंय."

"फोटो तर आत टेबलावर राहिलाय तुमचा."

मास्तरांचे हात थांबले. घडी पुरी झाली होती. शर्ट पालथा, बाह्या पाठीवर, एकीवर एक.

"मामंजींची घडी," बायको म्हणाली. "लग्न झाल्यावर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कैद्याचे हात मागं बांधून त्याला निजवलाय. दुसरं कुणी घालतं का हो अशी?"

कुणीच घालत नव्हतं. वडलांनी ती स्वतःच्या डोक्यानं काढली होती, कॉलर चुरगळू नये म्हणून.

मास्तर मोरीच्या कठड्यावर टेकले. हेल्पर असताना किती कपडे बांधले त्याची गणती नव्हती, आणि बांधणारेही तिघं-चौघं होते. पण आता तो दिवस हळूहळू वर आला. ग्रीसचा वास. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. ओला कपडा सावलीत वाळवायचा आणि मधे कोरा कागद घालून बांधायचा, हा नियम. कुणाला वेळ नव्हता. दुसरा कुणी असता तर शर्ट बोळा करून कोंबला असता, आणि ते डाग वाचायच्या लायकीचेच राहिले नसते. पण मास्तरांच्या हाताला बोळा सहन होत नसे. त्यांनी घडी घातली. सुबक. बोटं लाल झाली होती ती गाडीतल्या फडक्याला पुसली.

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक भाऊजींची नाहीच. तुमची."

"दोघांची. त्यानं विचारायला हवं होतं, शर्ट कसा बांधला म्हणून."

"आणि तुम्ही सांगायला हवं होतं."

"मला कुठं ठाऊक होतं तो काय वाचणार आहे ते?"

"बरं. मग आता लिहून टाका की, कुणीतरी ओल्याची घडी घातली. कुणी घातली ते कशाला?"

तोच विचार मास्तरांच्याही डोक्यात येऊन गेला होता. तज्ज्ञ म्हणून उभं राहायचं, साडूचं ते गाजलेलं वाक्य भर कोर्टात खाली पाडायचं, आणि घडी घालणारा कुणी अनोळखी हेल्पर. पण सरकारी वकील पहिला प्रश्न कोणता विचारणार हे त्यांना माहीत होतं. घडी मालखान्यात नंतर घातली नसेल कशावरून? वाळलेलं रक्त उमटत नाही. घडी घालताना शर्ट ओला होता हे सांगणारा माणूस जगात एकच होता. तो बोलला नाही तर धाकटा भाऊ आत राहणार. बोलला तर त्याला तपासणीवरून उठवणार, आणि साडू मोकळा. लोक म्हणणार, बिचाऱ्याला मालच खराब मिळाला होता.

"माणूस आत आहे हो," बायको म्हणाली.

"ते कळतंय मला."

"मग कशाचा विचार करताय?"

मास्तरांनी घडी मोडून पुन्हा घातली. पण बायकोला कळलं, आणि तिनं गोळीची डबी आणून त्यांच्यासमोर ठेवली.

सकाळी मॅडमनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"तुम्हीच बांधलेला माल, तुमच्याच साडूंनी वाचलेला, आणि तुम्हीच तपासायला बसलात?"

"साडू म्हणजे काही रक्ताचं नातं नव्हे, मॅडम."

"रक्ताचं काय ते मी बघेन. तुम्ही आधी त्या टेबलावरून उठा."

मॅडमनी स्वतः तपासलं. भिंगाखाली त्यांनाही तेच दिसलं. अहवाल त्यांच्या नावावर गेला. मास्तरांना कोर्टाचं बोलावणं आलं ते साधा साक्षीदार म्हणून.

पिंजऱ्यात सरकारी वकिलानं विचारलं, "इतकी वर्षं झाली. शर्ट ओला होता हे तुमच्या कशावरून लक्षात राहिलं?"

"माझी बोटं लाल झाली होती."

"आणि घडी तुमचीच, हे कशावरून?"

मास्तरांनी एक शर्ट मागितला. कुणा वकिलाच्या बॅगेतला निघाला. त्यांनी तो मेजावर पालथा घातला आणि घडी घातली. फोटो शेजारी ठेवला. न्यायाधीशांनी चष्मा पुसला नाही, लावला. सगळं कोर्ट मास्तरांच्या हातांकडे बघत होतं, आणि तेवढा वेळ त्यांच्या छातीत काही जळत नव्हतं.

मग साडूला बोलावलं. तो सरळ म्हणाला, "माझं वाचन चुकलं, साहेब. मी डाग वाचले, पण ज्या हातांनी तो शर्ट बांधला त्यांना एक प्रश्न विचारला नाही." मग मास्तरांकडे वळून म्हणाला, "ते हात माझ्या घरातलेच होते."

बाकांवर कुजबुज झाली. मागं बसलेल्या वार्ताहरानं मान खाली घालून लिहायला घेतलं, आणि मास्तरांना कळलं की उद्याचा मोठा टाईप कुणाचा.

निकाल लागून धाकटा भाऊ सुटला त्या दिवशी दोघं साडू कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे होते, बायकांसह. तो माणूस बाहेर आला. केस पार पिकलेले. कुणीतरी त्याला साडूकडे बोट दाखवलं. तो गेला, साडूचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. साडूचे डोळे भरले. फोटोवाला तिथंच होता. मग धाकटा मास्तरांपाशी आला.

"घडी तुम्हीच घातली होती?"

"हो."

त्यानं त्यांच्या कडक शर्टाकडे पाहिलं. "चांगली घातली होती," म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला.

घरी जाताना रिक्षात मास्तरांनी शर्टाचे कफ सारखे केले. मग म्हणाले, "त्यानं साडूभाऊंचा हात किती वेळ धरला होता, पाहिलंस?"

"पाहिलं," बायको म्हणाली. "माझ्यापुढंच उभे होतात. तुमचे दोन्ही हात मागं होते, एकावर एक. तेही पाहिलं."