ही हाय तवर

सकाळी खुर्चीत बसण्याआधी आबा टेबलाखालच्या कॅबिनेटवर पालथा हात ठेवायचे आणि तोच हात कपाळाला लावायचे. मग बटण दाबायचे. कोणी बघतंय असं दिसलं की ठरलेलं वाक्य यायचं, "ही हाय तवर मी हाय."

'ही' म्हणजे त्यांचा संगणक. आबांच्या लेखी ती मशीन होती, म्हणून बाईमाणूस. कंपनीत आम्ही त्याला वर्कस्टेशन म्हणायचो. एकेकाळी तो आख्ख्या टूलरूमचा दिमाख होता म्हणे. मी आले तेव्हा दिमाख संपला होता, वजन तेवढं उरलं होतं.

चाकणच्या या टूलरूममध्ये मी संगणक सांभाळते. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात त्यांचे साचे, म्हणजे डाय, आमच्याकडे बनतात. रोज पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसने यायचं, प्रिंटर अडकला की धावायचं, पासवर्ड विसरला की धावायचं. एसीतून पाणी गळलं तरी मलाच बोलावतात. का, ते देव जाणे.

आबा तिथले सगळ्यात जुने डिझायनर. साठी उलटलेली, कपाळावर अष्टगंध, खिशात पेनाशेजारी स्टीलची सहा इंची पट्टी. गाव तिथलंच. कंपनी उभी आहे ते शिवार त्यांच्या भावकीचं. कँटीनमध्ये आपण घास उचलावा आणि समोरून आबांनी सांगावं, "तुझं ताट हाय ना, बरूबर तिथं आमची हीर व्हती." मी मूळची लातूरची, त्यामुळे माझ्या वाट्याला पुढचंही असायचं, "लातूरकरीण, पानी जपून पी. आमच्या हिरीचं हाय." घास तसाच हातात राहायचा. शिवारातली एक चिंचोळी पट्टी तेवढी त्यांच्याकडे उरली होती. तिच्यात ते झेंडू लावत.

अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. सगळं बदललं तरी त्यांची एक खुर्ची आणि एक यंत्र तसंच राहतं आणि कोणी हात लावायला धजत नाही. आबांच्या बाबतीत त्याला कारण होतं. पूर्वीच्या कित्येक डायची चित्रं ज्या पॅकेजमध्ये काढली होती, ते फक्त जुन्या विंडोजवर चालायचं. नव्या पॅकेजमध्ये ती चित्रं उघडली की मापं पार विस्कटायची. म्हणून माझ्या आधीच्या कोणीतरी आबांच्या संगणकाच्या पोटात दुसरा एक खोटा संगणक बसवून दिला होता. आमच्या भाषेत व्हर्च्युअल मशीन. घरमालकाने पोटभाडेकरू ठेवावा तसा प्रकार. भाडेकरूचं जुनं विंडोज, जुनं पॅकेज. प्रोसेसर आणि मेमरी मात्र घरमालकाचीच, दोघांनी वाटून वापरायची.

त्या पॅकेजवर हात बसलेले आबा एकटेच होते. त्या एका गोष्टीपायी कंपनीचे मालक दरवर्षी त्यांना मुदतवाढ देत. हा पोटभाडेकरू उचलून नव्या मशीनवर नेऊ या, असं मी दोनदा सुचवलं. आबांनी दोन्ही वेळा चहा पाजून विषय संपवला. दुसऱ्या वेळी मात्र खरं बोलले. म्हणाले, नव्या मशीनवर कुनीबी बसंल, मंग मला घरी कुनासंगं बोलत बसायचं? त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी परत तो विषय काढला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. प्रेसला, लेथला, मालकांच्या गाडीला, सगळ्यांना झेंडू आबांच्या पट्टीतला. ते स्वतः दाभण-दोरा घेऊन बसत आणि माळा ओवत. सगळ्यात भरगच्च माळ त्यांच्या संगणकाची. बैलाला घालावी तशी ती कॅबिनेटभोवती दोन वेढे देऊन बांधायची, हळदकुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या. आणि ती माळ पुढच्या दसऱ्यापर्यंत उतरवायची नाही, वाळून काटकी झाली तरी. हा त्यांच्या घरचा नेम. बैलगाडी होती तेव्हापासूनचा.

त्या वर्षी दसरा झाला आणि संगणक रखडायला लागला. हे आम्हाला लगेच कळलं नाही, कारण आबांनी पत्ता लागू दिला नाही. चित्र उघडायला टाकून ते चहाला जायचे, परत येऊन चष्मा पुसत बसायचे. माउस हलवला की बाण मागाहून यायचा. कोणी शेजारी आलं की पट्टी काढून कागदावर काहीतरी मोजत बसायचे. आबांसारख्या माणसाला असं लपवताना बघून हसूही यायचं आणि नकोसंही वाटायचं.

झाकलं फार दिवस राहिलं नाही. एका गिऱ्हाइकाकडे आमची फार जुनी डाय होती, तिचा आतला एक तुकडा मोडला. त्यांची लाइन थांबली. नवा तुकडा कापायचा तर मूळ चित्र हवं, आणि ते आबांच्या मशीनमध्ये. आबा सकाळपासून उघडत होते. एकेक रेघ सावकाश उमटायची, निम्म्यावर पडदा पांढरा व्हायचा, की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी मालक येऊन मागे उभे राहिले. ते वाईट माणूस नाहीत, पण त्या दिवशी फोन घेऊन घेऊन त्यांचं डोकं उठलं होतं. म्हणाले, संध्याकाळपर्यंत चित्र निघालं तर ठीक, नाहीतर जुन्या डायची कामं बंद करू. मशीन भंगारात देऊ आणि आबा, तुम्हीही आता आराम करा. हे सगळं त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं. आबांनी मान हलवली. ते गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "लातूरकरीण, बघ काय व्हतंय का."

इतकी वर्षं मला बाजूला बसवून चहा पाजणारा माणूस खुर्चीतून उठला आणि त्याने मला जागा करून दिली. मी बसले.

मी आधी पोटभाडेकरूकडेच बघितलं. त्याला प्रोसेसरचे दोन वाटे जास्त दिले, तर घरमालकच गुदमरला आणि गाडं आणखी रुतलं. काढून घेतले. व्हर्च्युअल मशीनच्या साठवून ठेवलेल्या जुन्या अवस्थांची उतरंड झाली होती, ती मोकळी केली. अँटीव्हायरस त्या फाइलींना सारखा चावत होता, त्याला दूर ठेवलं. वीज वाचवायची सेटिंग काढून पूर्ण ताकदीवर टाकली. प्रत्येक वेळी बंद करून चालू करायचं, की थोडा वेळ बरं चालायचं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. डिझायनर असलेली दोन मुलं आमच्या मागे उभी होती. आबा स्टुलावर बसून नुसते बघत होते, एरवीसारखं एकही टोमणा नाही.

थोडा वेळ बरं आणि मग रखडतं, यावर माझी गाडी अडली. मग मी भाडेकरूचा नाद सोडला आणि घरमालकाच्या प्रोसेसरचा वेग बघितला. काम शिगोशीग आणि वेग असायला हवा त्याच्या पाव. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच हळू चालायला लागतो. तापमान बघितलं तर चहा व्हावा इतकं. मी खाली वाकून कॅबिनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. आबा रोज हात लावायचे खरे, पण तो सकाळी, सुरू करण्याआधी. तेव्हा ती गारच असायची.

मी म्हटलं, आबा, उघडावं लागेल. त्यांनी माळेकडे बघितलं. मग लक्षात आलं, उघडायचं म्हणजे माळ काढायची. नुकती बांधलेली, पुरती वाळलेलीही नाही. मी सांगितलं की माळ ठेवायची तर मशीन राहणार नाही. काय ते तुम्ही ठरवा. जरा कडकच बोलले, पण घड्याळाकडे बघून दुसरं सुचेना.

आबा स्टुलावरून उतरले, जमिनीवर मांडी घातली आणि त्यांनी स्वतः गाठ सोडली.

माळेचे दोन्ही वेढे कॅबिनेटच्या बाजूच्या जाळीवरूनच गेले होते, जिथून आतला पंखा हवा ओढतो तिथूनच. मी कॅबिनेट आडवं केलं तर आतून तांदूळ सांडले. पोरं हसली. पत्रा काढला तर धूळ आणि वर्षानुवर्षांच्या पाकळ्या मिळून प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये गादीसारखा थर बसला होता. आणि पंख्याच्या दांड्याला माळेचा दोरा गुंडाळला गेला होता. पंखा फिरत होता, पण घाण्याच्या बैलासारखा. मी चिमट्याने दोरा सोडवून काढला आणि कागदावर ठेवला. पिवळा, हळदीत बुडवलेला. आबांनी तो उचलला. पोरांचं हसू तिथेच थांबलं.

"म्याच गळा आवळला व्हय गं हिचा?" ते म्हणाले.

मी म्हटलं, छे आबा, खरी कमाल धुळीची, फुलांनी काय होतंय. त्यांनी दोऱ्याची गुंडी करून खिशात टाकली आणि खोटं बोलू नगं म्हणाले.

खालच्या वर्कशॉपमधून हवेची नळी आणून मी सगळं साफ केलं, प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा सुकलेला लेप खरवडून नवा लावला. मशीन सुरू केलं. आबांना म्हटलं, बसा. ते बसेनात. शेवटी मीच चित्र उघडलं. पडदा एकदा लुकलुकला आणि आख्खी डाय समोर आली, मापांसकट. आबांनी मागून मोडलेल्या तुकड्याचा आकडा वाचला, पोराने लिहून घेतला आणि तो खाली मशीनवर कापायला पळाला. मालकांनी येऊन पाठ थोपटली आणि म्हणाले, चला, म्हातारी अजून एक वर्ष काढते. म्हणजे आबांचंही वर्ष निघालं. मी खूश होते. घरी जाताना बसमध्ये उगाचच सगळ्यांशी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी कॅबिनेटला हात लावला नाही. माझ्या टेबलाशी आले, उभेच राहिले आणि म्हणाले, "हिच्या पोटातलं काढून नव्या मशीनीत घाल."

मी म्हटलं, आबा, कालच तर वाचली ती, आता कशाला?

ते खुर्ची ओढून बसले. रात्रभर झोप लागली नसावी. म्हणाले, काल ती गेली असती तर मी घरी गेलो असतो, त्याचं काय न्हाई. पण त्या सगळ्या डायी? त्यातल्या निम्म्या काढणारी माणसं आता नाहीत, आणि मी त्यांचं काम एका डब्यात घालून वर बसून राहिलो, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. मग पट्टीशी चाळा करत म्हणाले, "ही हाय तवर मी हाय, हे बोलायला ब्येस वाटतं. पन मी हाय तवरच ही, असं झालं. त्ये वंगाळ झालं."

मी उठले आणि पोटभाडेकरूची नक्कल नव्या मशीनवर लावली.

फाइल मोठी, नक्कल व्हायला दिवस गेला. आबा शेजारी बसून पुढे सरकणाऱ्या हिरव्या पट्टीकडे बघत होते, दूध उतू जाईल म्हणून कोणी बघावं तसे. नव्या मशीनवर चित्र चुटकीसरशी उघडलं. "लई पळती," एवढंच म्हणाले, आणि दोन्ही पोरांना हाक मारली.

तो हिवाळाभर आबा शिकवत होते. आबा चांगले शिक्षक होते असं मी म्हणणार नाही. दर दोन वाक्यांनी चिडायचे. रेघ मारण्याआधी खाली जाऊन डाय डोळ्यांनी बघून या म्हणून पोरांना जिन्यावरून पिदडायचे. पोरं वैतागायची, पण शिकली. एक दिवस दोघांनी आबांना न विचारता एक जुनं काम पूर्ण करून दाखवलं. आबांनी चूक शोधायचा बराच प्रयत्न केला. सापडली नाही, तेव्हा दोघांना कँटीनमध्ये भजी खाऊ घातली.

पाडव्याच्या सुमाराला भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि जुनी मशीन गेली. त्याच दिवशी आबा मालकांकडे गेले आणि निरोप घेतला. मालकांनी खूप आग्रह केला, नुसते येऊन बसत जा म्हणाले. आबा म्हणाले, नुसतं बसायला मी काय पाव्हना हाय? बोलल्याप्रमाणे वागले. फाटकापर्यंत मी सोडायला गेले, तर कँटीनकडे बोट दाखवून म्हणाले, हिरीकडं लक्ष ठेव.

पुढच्या खंडेनवमीला ते स्वतः आले. प्रेससाठी, लेथसाठी माळा होत्या. माझ्या हातात मात्र त्यांनी वेगळी पिशवी दिली. आत सुटी फुलं. संगणकांना, म्हणाले. मला हसू आलं, त्यांनाही आलं.

यंदा आबा नव्हते. आषाढात गेले. मी धरून चालले होते की आता फुलं बाजारातून आणावी लागणार. पण खंडेनवमीला सकाळी फाटकावरून निरोप आला. बाहेर आबांचा मुलगा मोटारसायकल लावून उभा होता, दोन्ही हातांत पिशव्या. म्हणाला, ह्या माळा, आणि ही सुटी.

"आबांनी बजावून ठिवलंय, ताई. ही ववायची न्हाईत. कितींदा इचारलं का, तर म्हनले, त्या लातूरकरणीला ठावं हाय."

मी हो म्हटलं. त्याला कारण सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

वर येऊन ताटलीत फुलं मांडली आणि ती नव्या मशीनसमोर, जाळीपासून लांब ठेवली. दोन्ही पोरं हळदकुंकू घेऊन मागे उभी होती. मी खाली वाकले, कॅबिनेटवर पालथा हात ठेवला. गार होतं. तोच हात कपाळाला लावला आणि बटण दाबलं.