तळणीच्या तेलावरचं घर

एल्वुड बीलच्या घरातून थंडीभर तळलेल्या शिंपल्यांचा वास यायचा. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या टपऱ्यांमध्ये तळणीचं जे तेल उरतं, ते हा बाबा पिपे भरभरून घरी आणायचा, जुन्या जीन पँटच्या पायातून गाळायचा आणि थंडीत भट्टीत जाळायचा. इथे मेन राज्याच्या थंडीत घर गरम ठेवायची तेलाची भट्टी घरोघरी तळघरात असते, पण तेल टँकरवाल्याकडून घेतलेलं. एल्वुडचं तेवढं तळणीचं. त्याच्या धुराड्याभोवती सीगल पक्षी घिरट्या घालायचे. रविवारी चर्चमध्ये त्याची बायको ग्लॅडिस माझ्या शेजारी येऊन बसली की मला प्रार्थनेच्या मधेच भूक लागायची.

"झालं, विनीचं नाक फुललं," ती म्हणायची. "लिंबू आणलंयस का गं वर पिळायला?"

एल्वुड सार्डिन मासे डब्यात भरायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. कारखाना बंद पडला, पण याच्यातला बॉयलरवाला काही बंद पडला नाही. भट्टी खोल, नळी बदल, तेल तापव, वास घे. दिवसभर तेच. धाकटा भाऊ डेल टँकर घेऊन गावात तेल घालायचा, त्याला हे अर्थातच बोचायचं. एकदा सणाच्या जेवणाला सगळे बसलेले असताना डेल म्हणाला, "एकदा खरा कडाका पडू दे. तुझं तेल थिजून दगड होईल, मग येशील माझ्या दारात."

"तुझ्या दारात आलो तर बापाचं नाव लावणार नाही!"

"बाप माझाही आहे. जरा जपून उधळ त्याचं नाव."

आम्ही सगळे हसलो. हे दोघे मात्र हसले नाहीत. पुढे बोलणंच बंद झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही बीलांची खानदानी रीत.

मग ग्लॅडिसच्या छातीने घात केला. आधी स्वयंपाकघरातली लाकडाची शेगडी काढावी लागली. मग तळघरातून वर येणारा तेलाचा वास तिला सोसेना. खोकून खोकून ओठ निळे पडायचे. त्या शरदात एल्वुडने तेलाची टाकी तळघरातून उचलली आणि घरामागे, उत्तरेच्या भिंतीला छपरी बांधून तिथे ठेवली. नळी भिंतीतून आत घेतली. वास गेला. ग्लॅडिसने सगळ्या घरभर फिरून लांब श्वास घेतला, आणि मला म्हणाली, "बघ, म्हातारा बायकोचं ऐकायला शिकला. आता मला मरायला हरकत नाही."

टाकी बाहेर म्हणजे थंडी थेट टाकीला. हे बॉयलरवाल्याला कळत नव्हतं असं नाही. घोंगड्या गुंडाळू, थोडं रॉकेल मिसळू, निभेल, असं तो म्हणाला. डिसेंबर निभलाही.

जानेवारीत ग्लॅडिसला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता औषधाचं काम उरलेलं नाही. तिने एकच मागितलं. घरी जायचं. आपल्या पलंगावर, खाडीकडच्या खिडकीशी. तिकडून मार्शा नावाची नर्स घर बघून गेली, आणि एल्वुडला बजावून गेली, "खोली उबदार हवी. थंड हवा तिच्या छातीत गेली तर संपलंच. शनिवारी आम्ही तिला आणतो."

"उबदार? भाजून निघाल तुम्ही," एल्वुड म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "अरे, कडाका येतोय म्हणतात. या महिन्यापुरतं डेलचं तेल भर. तिच्यासाठी तरी."

"तिच्यासाठीच चाललंय सगळं. तू आपली सूपं कर."

शुक्रवारी वारा उत्तरेकडून फिरला आणि भट्टी बंद पडली. मी सूप घेऊन गेले तर हा छपरीत, टाकीला ग्लॅडिसची विजेची गोधडी गुंडाळून, हातात तिचं केस वाळवायचं यंत्र धरून नळीवर फिरवत होता. भुवयांवर बर्फ. टाकीतलं तेल तुपासारखं पांढरं थिजलेलं. मी डेलला फोन करते म्हटलं तर माझ्या अंगावर धावून आला. घरात विजेचे दोन हीटर लावले, तर जुन्या तारांनी दम सोडला आणि फ्यूज उडाला. शनिवारी मार्शा आली. खोलीत तिच्याच तोंडातून वाफ निघत होती. तिने मान हलवली. "आज नाही, एल्वुड. घर तापलं की कळवा."

ती गेली आणि फोन वाजला. ग्लॅडिस होती. मी शेजारीच उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"काय रे, कुठे अडलं? मी केस विंचरून बसलेय."

"गाडी बिघडलीय त्यांची," एल्वुड म्हणाला. "घर? घर मस्त गरम आहे."

"मग तूच ये ना मला न्यायला. तुझ्या त्या डबड्यातून ये."

एल्वुडने भिंतीवर डोकं टेकवलं. "उद्या," तो म्हणाला. "उद्या नक्की, राणी."

फोन ठेवला, आणि लगेच पुन्हा उचलला. या वेळी डेलला.

डेल आला. टोमणा नाही, हसू नाही. मला खरं तर त्याची भीती वाटत होती, पण तो नुसता म्हणाला, "कंदील धर." दोघे भाऊ तळघरात उतरले. थिजलेली नळी कापून नवी जोडली, भट्टी उघडून धुतली, छपरीतली टाकी खरवडून रिकामी केली आणि तिच्यात डेलचं तेल भरलं. रविवारी दुपारी भट्टी धडधडली. एल्वुडने पलंग खिडकीशी सरकवला, नवी चादर घातली, उशीला हात लावून पाहिला. उशीसुद्धा कोमट झाली होती. इस्पितळाला कळवायला तो फोनकडे वळला, तेवढ्यात त्यांचाच फोन आला. ग्लॅडिस गेली होती.

आमच्याकडे थंडीत माती द्यायची सोय नाही, जमीन कुदळीला दाद देत नाही. कबरस्तानाच्या फाटकाजवळ दगडी खोली आहे, शवपेटी तिथे ठेवतात. बर्फ वितळला की मे महिन्यात माती.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेले. टाकी डेलच्या तेलाने गच्च भरलेली, आणि घरात नुसता गारठा. पाण्याचे नळ फुटू नयेत एवढ्यापुरती भट्टी चालू. एल्वुड कोट, टोपी, मोजे घालून स्वयंपाकघरात बसलेला. माझं डोकंच फिरलं.

"अरे मूर्खा, तेल आहे, भट्टी चालतेय, मग कशाला गोठून मरतोस? ग्लॅडिस असती तर डाव हाणला असता डोक्यात!"

"मेपर्यंत ती त्या दगडी खोलीत आहे, विनी," तो म्हणाला. "तिला मी घर गरम आहे म्हणून सांगितलंय. आता मी एकट्याने ऊब घेत बसू?"

मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढली आणि कोट न काढताच बसले.