तांबडा, कबरा आणि आबांचं डालगं

मार्गशीर्ष महिना. म्हसवडच्या यात्रेचा रथ झाल्याचा दुसरा दिवस, सकाळच्या चहानंतर.

हजर: माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात. माझे यजमान. माझ्या थोरल्या नणंदबाई, रथाहून कडेगावला परतताना वाटेत माहेरी उतरलेल्या, सोबत झाकणाची रिकामी टोपली. आणि मी. तांबडा बोका स्वयंपाकघरात कोंडलेला, कबरा बोका पडवीलगतच्या खोलीत कोंडलेला. दोघेही आपापल्या दाराला आतून नखं लावून हजर.

विषय: दोघांपैकी कुणाला पाठवायचं.

गावातल्या बचत गटाची मी सचिव आहे. चार माणसं एका ठिकाणी बसली की माझा हात आधी हजेरी लिहितो. यजमान म्हणाले, घरच्या माणसांची कसली हजेरी घेतेस? पण गटातल्या बायकांपेक्षा घरची माणसंच नंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ असं जास्त म्हणतात, हा माझा अनुभव आहे.

दोघे या उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीत सापडले. मांजरीनं बाकीची पिल्लं हलवली, ही दोन राहिली. वाट पाहिली, ती काही आली नाही. मग आबांनी शेळीचं दूध आणि कापडाची वात घेऊन त्यांचा ताबा घेतला. आबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पाणी आलं, डाळिंबाची बाग आली आणि मेंढरं गेली. त्यानंतर त्यांच्या हाताला पाजायला काही नव्हतं. बोके त्यांच्याच घोंगड्यावर वाढले. एका ताटलीत खायचे, एकमेकांचे कान चाटायचे आणि असे गुंडाळून झोपायचे, की कुठली शेपटी कुणाची ते ओढून बघावं लागे. सासूबाई गेल्यापासून आबा रात्री फार वेळ जागे असत. बोके पायथ्याशी निजायला लागल्यापासून घोरायला लागले. म्हणजे आबा.

दिवाळीच्या सुमारास वास यायला लागला. आधी मी शेळीवर संशय घेतला, मग गटारावर. शेवटी वास यजमानांच्या बुटांपर्यंत येऊन थांबला. यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत आणि बूट अजूनही दर रविवारी चमकवतात. एका बोक्यानं डाव्या बुटावर आपली खूण केली होती, दुसऱ्यानं उजव्या.

त्याच आठवड्यात कुंपणाच्या भिंतीवर एक परका बोका येऊन बसला. तोंड एवढं मोठं, एक कान फाटका. आमचे दोघे खिडकीत शेजारी शेजारी बसून त्याला बघत होते. अंगावरचे केस उभे, शेपट्या बाटली धुवायच्या ब्रशसारख्या. परका बोका सावकाश उठून निघून गेला. हे दोघे वळले, त्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भेटल्यासारखे तुटून पडले. माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. एवढंच सांगते, त्या दिवशी वरण झालं नाही.

त्यानंतर नजरानजर झाली की मारामारी. मी वेळापत्रक केलं. सकाळी तांबडा बाहेर, कबरा आत, दुपारी उलट. स्वयंपाकघराच्या दारावर पाटी लावली. पाटी वाचून दार उघडायचं, असा नियम होता. यजमानांनी दार उघडून मग पाटी वाचली. आबा पाटीकडं बघतच नसत. दाराआड कोण रडतंय ते ऐकून त्याला सोडत. रडायचे दोघेही. कबऱ्याच्या शेपटीच्या बुडाशी चावा लागला, आणि मग मात्र नणंदबाईंना फोन गेला. त्यांचं घर उसाच्या रानात, उसात उंदीर भरपूर, त्यांना बोका हवाच होता.

अशी ही बैठक. यजमानांनी पहिलं मत दिलं. एका सेक्शनमधले दोन जवान भांडायला लागले, की त्यांची समजूत काढत बसायचं नसतं, एकाचं पोस्टिंग करायचं. मी विचारलं, कुणाचं? ते म्हणाले, ते वरचे ठरवतात. वरचे म्हणजे आबा, आणि आबा छपराकडं बघत होते.

नणंदबाईंनी दोन्ही दारांच्या फटीतून पाहणी केली आणि तांबडा पसंत केला. तो दिसायला भरलेला होता. मग त्या बापाकडं वळल्या.

“आबा, तुमीच सांगत हुतासा न्हवं? एका वाड्यात दोन एडकं ठिवायचं न्हाईत.”

मेंढरं कोंडतात तो वाडा, आणि एडका म्हणजे मेंढरांतला नर. लहानपणी एकत्र बागडलेली नर कोकरं शिंगं आली की टकरा घ्यायला लागतात, मग एक ठेवायचा आणि दुसरा काढायचा. हे आबांनीच लेकरांना शिकवलं होतं. आबांनी छपरावरची नजर खाली आणली.

“एडका इकायसाठी असतुया.”

“आन् तांबडा?”

“तांबडा माज्या पायापाशी निजतुया.”

“मग कबरा देता?”

“कबरा बी तितंच निजतुया.”

नणंदबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मग मी माझा मुद्दा मांडला. विट्याच्या जनावरांच्या डॉक्टरांशी मी बोलून घेतलं होतं. बोके वयात आले आहेत, दोघांचंही ऑपरेशन करून घ्या, भांडण बरंच कमी होईल, असं ते म्हणाले होते. कसलं ऑपरेशन, ते मी सासऱ्यांसमोर सांगितलं नाही. ‘ते ऑपरेशन’ एवढंच मी म्हणाले. पण मेंढरं राखलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही. आबा उठले, टोपी डोक्यावर सारखी केली आणि बाहेर गेले.

“म्हातारं लाजलं,” नणंदबाई म्हणाल्या.

मलाही तेच वाटलं. अवघड विषय सुनेच्या तोंडून आला, म्हणून उठले असतील. मी ‘सासरे मध्येच बाहेर गेले’ असं लिहिलं आणि दुसऱ्या चहाला आधण ठेवलं. स्वयंपाकघर रिकामं होतं, मागचं दार उघडं. तांबडा कुठं गेला, हा प्रश्न मला साखर घालताना पडला.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. तो कशासारखा होता, ते मला अजून सांगता येत नाही. शेळीनं दावं तोडलं, एवढं म्हणजे पुरे.

टकरा घेणाऱ्या एडक्यांवर मेंढपाळांचा एक जुना उपाय असतो. दोघांना अगदी अडचणीच्या जागेत एकत्र कोंडायचं. टक्कर घ्यायला मागं सरावं लागतं. मागं सरायला जागाच नसली, की टक्कर होत नाही. अंगाला अंग लागून दोघे उभे राहतात आणि थोड्या वेळानं भांडण विसरतात. आबांनी शेळीची करडं झाकायचं डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, अंगणात पालथं घातलं होतं. आत दोन्ही बोके घातले होते आणि वर दगड ठेवला होता.

बोक्यांना भांडायला मागं सरावं लागत नाही.

दगड आधीच पडला होता. डालगं स्वतःच्या पायांनी अंगणभर चालत होतं. ते वाळत घातलेल्या मटकीतून गेलं, तुळशीला वळसा घालून परत मटकीत आलं. फटींतून तांबडे आणि कबरे केस उडत होते. आबा डालग्यामागं वाकून पळत होते आणि “आरं, गप ऱ्हावा लेकांनो, आरं, भाव हायसा तुमी,” असं समजावत होते. यजमान पायरीवर उभे राहून परेडच्या आवाजात “थम!” म्हणून ओरडले. शेळी थांबली. डालगं थांबलं नाही.

शेवटी नणंदबाईंनी हंड्यातलं पाणी ओतलं आणि आबांनी डालगं उचललं. एक बोका छपरावर गेला, दुसरा ट्रॅक्टरखाली. आबांच्या उजव्या हातातून रक्त येत होतं.

हात साबणानं धुतला, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरला आणि मी स्कूटीवरून आबांना आरोग्य केंद्रात नेलं. बोक्यांच्या लसीचे कागद पर्समध्ये होतेच. सिस्टरनी विचारलं, कोण चावलं? आबा म्हणाले, घरातलंच हाय. सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. मी घाईघाईनं सांगितलं, की बोका चावला, घरी दोन आहेत. त्यांनी विचारलं, दोघांतला कुठला? त्यावर लक्ष ठेवावं लागेल.

आबांनी डाव्या हातानं टोपी सारखी केली.

सिस्टरनी पुन्हा विचारलं. मीही विचारलं. आबांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत बसले. शेवटी सिस्टर म्हणाल्या, दोघांवरही लक्ष ठेवा. त्यांनी पुढच्या सुयांच्या तारखा लिहून दिल्या.

सुई झाल्यावर थोडा वेळ बसायला सांगितलं होतं. बाकावर मी विचारलं, “आबा, नाव का नाही सांगितलं?”

“नाव घेतलं की तुमी त्येलाच टोपलीत घालनार.”

मी म्हटलं, म्हणूनच ऑपरेशन करू या. मग कुणालाच घालावं लागणार नाही. ते मान हलवत राहिले. मग माझ्याकडं न बघता बोलले. “खच्ची केल्यालं जनावार मी कवा घरी ठिवलं न्हाई. त्ये बाजाराचं असतंय. खच्ची केलं म्हंजी त्येचा दिस ठरला. त्यापरीस पोरीकडं गेलं तर जगंल तरी.”

सकाळी आबा लाजून उठले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या सगळ्या हयातीत ते ऑपरेशन झालेलं बकरं कुठं जातं, हे ठरलेलं होतं. ते माझ्या तोंडून दोघांच्याही नावानं त्यांनी ऐकलं होतं.

“आबा,” मी म्हटलं, “मांजर कोण इकत घेतंय?”

त्यांनी यावर बराच विचार केला. “वजन वाढतंय का?”

मी तिथूनच विट्याच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, थोडं वाढतं.

“बग म्हंजी,” आबा म्हणाले. पण उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाले, कर तुला काय करायचं त्ये, पर दोगं बी माघारी आलं पायजेत.

घरी आल्यावर ठराव झाला: कुणीही जाणार नाही, दोघांचंही ऑपरेशन करायचं. नणंदबाई म्हणाल्या, मग मी काय रिकामी जाऊ? त्यांना मटकी दिली. त्यांनी ती निवडून बघितली आणि म्हणाल्या, वयनी, हिच्यात निम्मं केसच हायत.

तांबड्याचं ऑपरेशन झालं. आबा सोबत आले, दवाखान्याच्या दारात उभे राहिले आणि तो शुद्धीवर येऊन त्यांच्या बोटाला हुंगेपर्यंत हलले नाहीत. घरी आल्यावर त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास होता, त्यामुळे कबरा दाराआडून असा फिसकारला, की सगळं पहिल्यापासून सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, घाई करू नका. आता दोघांच्या ताटल्या एकाच बंद दाराच्या अलीकडं-पलीकडं ठेवतो. फिसकारणं कमी झालं आहे. परवा तांबड्यानं दाराखालून पंजा घातला आणि पलीकडून कुणी चावलं नाही. आबा एक दिवसाआड बाज दाराच्या अलीकडून पलीकडं हलवतात, म्हणजे दोघांनाही पायथा मिळतो. बाज उचलायचं काम यजमानांचं. ते त्याला पोस्टिंग म्हणतात.

कबऱ्याची जखम भरली आणि त्याचीही तारीख घेतली. ऑपरेशनच्या दिवशी त्याला सकाळपासून उपाशी ठेवायचं असतं. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, सगळ्यांना तोंडी सांगितलं, दुधाचं पातेलं वरच्या फळीवर ठेवलं. विट्याला पोचल्यावर डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि विचारलं, याला काय खायला घातलंय? दुसऱ्या तारखेला पातेलं कुलपात ठेवलं. त्या दिवशी बोक्याच्या मिशांना अंड्याचा बलक होता.

मी आबांना समजावून सांगितलं, की पोट भरलेलं असेल तर भूल देताना त्याच्याच जिवाला धोका आहे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुजं खरं हाय. पर उपाशी कुनाला दाराभाईर काडलं न्हाई गं कवा.”

तिसरी तारीख येत्या बुधवारची आहे. आदल्या रात्री आबांना कडेगावला पाठवावं, असं यजमानांचं मत आहे. आबा म्हणतात, कबऱ्याला घेऊन जातो.

कबऱ्याचं ऑपरेशन: बाकी.