चाचांच्या टाकीतला फेस

समोरच्या ब्लॉकमधले चाचा भाचीच्या लग्नाला सोलापूरला निघाले आणि जाताना घराची किल्ली माझ्या हातात देऊन गेले. त्यांचं कॅम्पात घड्याळदुरुस्तीचं दुकान. घरात काचेची टाकी आणि तीत फायटर माशांची जोडी: निळा नर, फिकट मादी. दोन वर्षं ते पिल्लांची वाट बघत होते.

"या खेपेला लक्षण बरं दिसतंय," ते म्हणाले. "चिमूटभर खाणं टाका. बाकी काही म्हणजे काही करू नका."

काही न करणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर टाकीच्या कोपऱ्यात पांढरा फेस. थेट साबणाचा असावा तसा. नर सारखा वर येऊन हवा गिळत होता. मासा असून हवा गिळतो, म्हणजे पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवलं होतं! मादी एका बाजूला दडलेली, शेपटी फाटलेली. विषाने नराचं डोकंही फिरलं असावं.

दोन्ही घरची भांडी घासायला धायरीहून एक मावशी यायच्या. त्यांना उभं केलं. "टाकीत पावडर कुणी टाकली?"

"माशाला कोन साबन लावतंय, सायेब?"

उत्तर जरा जास्तच चटकन आलं. माझा संशय पक्का झाला.

"अहो, वास तरी घेऊन बघा," बायको म्हणाली. घेतला. वास नव्हता. म्हणजे बिनवासाची पावडर, मुद्दाम शोधून आणलेली.

मी चमच्याने सगळा फेस काढला, टाकीतल्याच पाण्यासकट वाटीत भरला आणि खाली चिठ्ठी ठेवली: 'पुरावा. हात लावू नये.' दुपारी बघतो तर फेस पुन्हा हजर. मावशी केव्हाच घरी गेलेल्या. मग मी बायकोकडे जरा निरखून बघितलं. त्या दुपारी आमटी गार मिळाली.

संध्याकाळी चाचा परतले. मी वाटी पुढे करून तपासाची हकिगत ऐकवली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि वाटीत डोकावले.

"अहो, घर आहे ते त्याचं! तोंडाने बुडबुडे सोडून बांधतो. हवा तर हा मासा घेतोच. आणि हे पांढरे ठिपके? अंडी आहेत. मादी खाऊन टाकते, म्हणून बाप तिला हाकलतो."

"गेलं का सगळं?" मी विचारलं.

चाचांनी मादीला बरणीत हलवलं आणि चमचाचमचा करून पुरावा नव्या फेसाखाली सोडला. अंडी खाली जाऊ लागली. नर सुळकन आला, एकेक तोंडात धरून वर नेऊ लागला आणि फेसात चिकटवू लागला.

"मोरीत ओतला असता तर संपलं होतं," चाचा म्हणाले. "संशयी आहात, म्हणून वाचली."

दुसऱ्या दिवशी मावशींची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," त्या भांडं आपटत म्हणाल्या. "आधी पिल्लं जगू द्या."

त्यानंतरच्या सकाळी चाचांनी दार वाजवलं. "या बघायला. फक्त हात पाठीमागे धरून या."

फेसाखाली केसाएवढ्या शेपट्या लोंबत होत्या. मी वाकलो, तसा नर कल्ले फुगवून काचेवर धावून आला. चाचा वाकले, मावशी वाकल्या, तेव्हा तो ढिम्म हलला नाही. चाचा म्हणतात, हा माझा नुसता संशय आहे.