चादरींचं वजन आणि पाण्यावरचं विमान

“अन्नाला परत आणायचं,” एवढंच बोलून नान्ना मागावरून उठले आणि आमचा अंदमानचा प्रवास ठरला. ब्लॉगवर बरेच जण विचारतात, की आजी, तुम्ही पहिल्यांदा अंदमानला कधी गेलात? हल्ली लोक चेन्नईहून दोन-अडीच तासांत पोचतात आणि वर सँडविच थंड होतं म्हणून कुरकुरतात. घ्या, सत्तरच्या दशकातला आमचा प्रवास वाचा.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील ते नान्ना, थोरला भाऊ तो अन्ना. अन्नाला मागावर बसायचा कंटाळा आणि इंजिनाचं वेड. साताऱ्याकडच्या एका निवृत्त वैमानिकांनी, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, पोर्ट ब्लेअरला एक जुनं विमान नेलं होतं. पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं. त्याचा मेकॅनिक म्हणून अन्ना गेला आणि नान्नांनी दोन वर्षं त्याला एक ओळ लिहिली नाही. मग अन्नाचंच पत्र आलं. उत्तरेच्या मायाबंदरला दवाखान्यासाठी चादरी हव्यात. एक अधिकारी विमानाची चाचणी घ्यायला येणार आहेत, जमलं तर बेटांवरच्या टपालाचं काम मिळेल, नाही तर कॅप्टन विमान विकणार. चाचणीत माल म्हणून आपल्याच चादरी नेऊ, तुम्ही दोघं या. नान्नांनी त्यातलं ‘नाही तर’ तेवढं नेमकं वाचलं.

चार गठ्ठे तयार झाले. प्रत्येक गठ्ठा तोलून नान्नांनी तरटावर निळ्या शाईने वीस किलोचा आकडा घातला. इथं आमच्या घरचा कायदा सांगायला हवा. नान्नांनी लिहिलेलं वजन पुन्हा तोलायचं नाही. एकदा एका व्यापाऱ्याने गठ्ठा काट्यावर ठेवायला सांगितला, तर नान्ना गठ्ठा खांद्यावर टाकून सरळ घरी आले होते. घरात त्या आकड्याला देवाच्या अंगाऱ्याइतका मान.

वाडी, रायचूर, गुंतकल करत गाडी मद्रासला पोचली. बंदराजवळच्या धर्मशाळेत दोन दिवस जहाजाची वाट बघितली. तिकडचा सांबार-भात छान, पण नान्ना दोन्ही वेळा शिदोरीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणीच खात होते. लांबच्या प्रवासाला आजही याहून बरं काही नाही, पंधरा-वीस दिवस टिकतं. मग जहाजात चार दिवस. आम्ही सगळ्यात स्वस्त, खालच्या मजल्यावर. नान्नांना समुद्र असा लागला की ते फळीवरून उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी खाली जागा करायची म्हणून खलाशांनी आमचे गठ्ठे वर डेकवर नेऊन टाकले आणि दुपारी पावसाची मोठी सर आली. मी धावत गेले, तोवर व्हायचं ते झालं होतं. पुढच्या दिवशी कडक ऊन पडलं, तरट वाळून खडखडीत झालं. मी हात लावून बघितलं आणि मुकाट खाली येऊन बसले. आजारी माणसाला कशाला सांगा, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे शिव्या बसतील याची भीती वाटली.

धक्क्यावर अन्ना उभा होता, काळाठिक्कर पडलेला. तो वाकून पाया पडला. नान्ना म्हणाले, जेवतोस का नाही? दोन वर्षांनी बोलले ते हे. मला तिथंच रडू आलं.

विमान मात्र बघून मी खट्टू झाले. एवढंसं! चाकांच्या जागी पत्र्याच्या दोन लांबट होड्या आणि आत माणसं मोजून पाच. त्यासाठी अन्ना किती राबतो ते दोन दिवसांत कळलं. समुद्राचं मीठ इंजिनाला खातं, म्हणून रोज उडून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं. आणि गोडं पाणी तिथं प्यायलाच पुरत नव्हतं, म्हणून अन्ना पागोळ्यांखाली पिंपं लावून ठेवायचा. पेट्रोल जहाजातून पिंपांनी यायचं, जहाज चुकलं की विमान बसलं. पावसाळ्यात ढग हटायची वाट बघत आठ-आठ दिवस जायचे. मी विचारलं, मग कशाला हा उद्योग? अन्ना म्हणाला, मायाबंदरचं माणूस अडलं तर बोटीने इथं यायला अख्खा दिवस आणि रात्र लागते, आम्ही तासाभरात आणतो. कॅप्टनचं गणित सरळ होतं. हौशी प्रवाशांवर असं विमान जगत नाही, टपाल आणि दवाखान्याचं काम बांधून मिळालं तरच तग धरतं. आणि गणितात सगळ्यात महाग काय, तर वजन. एक किलोसुद्धा फुकट न्यायचा नाही.

म्हणून चाचणीच्या सकाळी धक्क्यावर वजनकाटा मांडला. माणसंसुद्धा तोलायची! अधिकारी चढले, ते चांगलेच भरले. मी चढले तर माझा आकडा अन्नाने मुद्दाम मोठ्याने वाचला, मेल्याने. टपालाची पिशवी, औषधांची खोकी, नान्ना, सगळं काट्यावरून गेलं. चादरींचे गठ्ठे आले, तेव्हा अन्नाने तरटावरचा आकडा बघून वहीत लिहिला. कॅप्टननी विचारलं, तोललेस का? अन्ना म्हणाला, “आमच्या नान्नांनी तोललंय.” कॅप्टननी मान डोलावली. नान्ना समुद्राकडे बघत होते, पण ताठ उभे राहिले ते मी पाहिलं.

आम्ही आत बसलो. खाडीचं पाणी आरशासारखं गुळगुळीत. इंजिन गरजलं, दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती उठल्या, विमान धावलं, धावलं आणि उठेचना. कॅप्टन वळवून पुन्हा मागे आले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर पलीकडची झाडं दिसायला लागली आणि मी डोळे मिटून आम्हा विणकरांच्या देवाचा, मार्कंडेयाचा धावा केला. शेवटी धक्क्याला परत लागलो. पाणी फार शांत असलं की विमान पाण्याला चिकटतं, थोडी लाट हवी, असं कॅप्टन समजावत होते. अधिकारी उतरले आणि शांतपणे म्हणाले, इंजिनात दम नाही, असंच मला लिहावं लागेल. अन्नाचा चेहरा पांढरा पडला. रात्रंदिवस त्याने ते इंजिन पोटच्या पोरासारखं जपलं होतं. हमाल गठ्ठे उतरवू लागले. एकेका गठ्ठ्याला दोन-दोन माणसं लागत होती.

नान्ना ते बघत होते. सोलापुरात वीस किलोचा गठ्ठा ते एकटे उचलायचे. ते पुढे झाले, तरटाची शिवण उसवली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. मी समजले. जाड सुती चादर ती, वरून वाळली तरी पोटात पाणी धरून बसते. नान्नांनी हात बाहेर काढला आणि तसेच उभे राहिले.

मी आजही सांगते, त्या वेळी नान्ना गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. चाचणी फसली असती, विमान विकलं गेलं असतं, अन्ना आमच्याबरोबर परतीच्या जहाजात बसला असता. ज्यासाठी आलो होतो ते आयतं पदरात पडत होतं. आणि बोलायचं म्हणजे आयुष्यभराचा आकडा चारचौघांत खोटा म्हणायचा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मलाच खरं सांगता येईना.

नान्ना कॅप्टनजवळ गेले. “साहेब, इंजिन चांगलं हाय. वजन माझं चुकलंय. हे गठ्ठे काट्यावर घाला.”

गठ्ठे घातले. एकेक तीस किलोला टेकलेला! अन्ना खाली मान घालून उभा होता, कारण काट्याची जबाबदारी त्याची होती. अधिकाऱ्यांनी आकडे स्वतः वाचले, टिपून घेतले आणि म्हणाले, मग हे गठ्ठे बोटीने पाठवा, आपण पुन्हा बघू. नान्ना म्हणाले, मीपण गठ्ठ्यांबरोबर बोटीनंच येतो, तेवढाच भार कमी. समुद्र इतका लागणारा माणूस!

या खेपेला विमान पाणी सोडून असं अलगद उठलं की मला कळलंसुद्धा नाही. खाली हिरवी बेटं, भोवती निळ्या पाण्याची किनार. मी चक्क खिडकीला नाक लावून बसले होते. तासाभरात मायाबंदर! परतताना पाय मोडलेल्या एका बाईला आडवं निजवून न्यायचं होतं, म्हणून मी जागा सोडली आणि बोटीने आलेल्या नान्नांबरोबर बोटीनेच परतले. दिवस आणि रात्र ओकून ओकून जीव गेला. त्या बाईला या बोटीतून यावं लागलं असतं, या विचाराने मला कॅप्टनचं सगळं गणित एकदम पटलं.

बोटीतच मी रडत रडत नान्नांना पावसाचं सांगितलं. वाटलं, आता थोबाडीत बसते. ते एवढंच म्हणाले, “गठ्ठ्यावर अक्षर माझं व्हतं.” अन्नाला परत चल म्हणून त्यांनी नंतर एकदाही म्हटलं नाही. निघताना उरलेली कडक भाकरी तेवढी त्याच्या हातात ठेवली. तीसुद्धा निम्मी कॅप्टननीच खाल्ली म्हणे.

टपालाचं काम मिळालं. दोन पावसाळे विमान चाललं. मग मिठाने होड्यांचा पत्रा खाल्ला, सुटे भाग मिळेनात आणि कॅप्टनही थकले. लोक म्हणाले, बघा, असली विमानं आपल्याकडं चालायची न्हाईत. मला तसं वाटत नाही. जेवढे दिवस चाललं, तेवढ्या दिवसांत कितीतरी माणसं वेळेत दवाखान्यात पोचली. याला न चालणं कसं म्हणायचं? आता कुणी पाण्यावरच्या विमानाची नवी योजना काढली की मी एवढंच बघते, की गोड्या पाण्याची आणि सुट्या भागांची सोय केलीय का.

विमान बंद पडल्यावर अन्ना सोलापूरला परत आला तो श्रावणात. आला त्याच दिवशी गठ्ठे पाठवायचे होते. नान्नांनी नेहमीसारखा शाईने आकडा घातला. अन्नाने सवयीने गठ्ठा खांद्यावर घेतला आणि दाराकडे निघाला.

“थांब,” नान्ना म्हणाले, “पावसाचे दिवस हायत. तोलून घे.”

अन्नाने माझ्याकडे बघितलं. मग गठ्ठा हळूच काट्यावर ठेवला.