मिस व्हर्लीनच्या चार बाया

मिस व्हर्लीन टगल भर उन्हाळ्यात मोज्यांवर मोजे घालायच्या. टोमॅटोशी बोलताना आवाज खाली आणायच्या, माणसांशी बोलताना नाही. स्वतःच्या गोड चहाच्या बाटलीवर नाव लिहून ठेवायच्या आणि दुसऱ्यांच्या बाटलीतून प्यायच्या. प्रवचन लांबलं की पहिल्या बाकावर बसून घड्याळाला चावी द्यायच्या, पाद्रीसाहेबांना ऐकू जाईल अशी. हिवाळ्यात अंथरुणातली गोधडी काढून कॉलर्डच्या, म्हणजे कोबीच्या जातीच्या पालेभाजीच्या, वाफ्यावर घालायच्या. आणि सभेत कुणी मत द्यायला हात वर केला, की आधी त्याची नखं बघायच्या.

नखांत माती नसेल तर मत नाही. हा नियम त्यांचाच. डेट्रॉइटच्या पूर्वेला आमच्या वस्तीतलं शेवटचं किराणा दुकान बंद पडलं, तेव्हा पाडलेल्या तीन घरांच्या जागेवर त्यांनी सोळा घरांना जमवून मळा उभा केला. मी मळ्यात काम करायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय शिकलीस?"

"साहित्य."

"म्हणजे?"

"गोष्टी वाचायला."

"चार वर्षं? आधी वाचता येत नव्हतं का?"

तेव्हापासून माझं नाव कॉलेजबाई.

मळ्याच्या टोकाला कॉलर्डची चार झाडं त्यांनी बियांसाठी राखली होती. बियांवर आलेलं कॉलर्ड माणसाएवढं वाढतं आणि अगदी रान माजल्यासारखं दिसतं. हे बी त्यांच्या आईने अलाबामातून एका हातमोज्यात बांधून आणलेलं. गेल्या हिवाळ्यात उंदरांनी बियांचा डबा फोडला. उरलं ते या चार झाडांवर.

"बी विकत मिळतं की," मी एकदा म्हणाले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मिळतं. पुढच्या वर्षी परत घ्यायचं. त्याच्या पुढच्या वर्षी परत. आणि एक दिवस दुकानदार म्हणाला, दुकान बंद, तर काय कविता शिजवशील?"

जूनमध्ये शहराची नोटीस आली. जागेवर गवत आणि रान दहा इंचांवर वाढलं आहे, शुक्रवारपर्यंत कापा, नाहीतर आमचं यंत्र येऊन कापेल. रान म्हणजे ती चार झाडं. शेंगा हिरव्या होत्या. पिकायला तीन आठवडे हवे होते.

चर्चच्या तळघरात सभा भरली. डीकन रूफस उभे राहिले. चर्चचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आणि शर्टाला कायम इस्त्री. "चार झाडांपायी यंत्र आत आलं तर टोमॅटोही जातील. मी म्हणतो, कापून टाका."

"हात दाखव, रूफस."

नखं स्वच्छ होती.

"मी हातमोजे घालून काम केलं, व्हर्लीन."

"मग हातमोज्यांना मत देऊ दे."

माझी दोन बोटं काळी होती. त्यांनी ती नाकाशी नेली. "शाई," त्या म्हणाल्या. "बस खाली."

शेवटी मत देता यावं म्हणून सगळी सभा उठून मळ्यात गेली आणि तासभर तण उपटत बसली. डीकनही, इस्त्रीच्या शर्टात. परत येऊन हात वर झाले. झाडं वाचवायची, सात. कापायची, सात. मिस व्हर्लीन मतच देईनात. त्या डीकनच्या बायकोच्या टोपीकडे बघत होत्या. पिवळी, पिसांची, ईस्टरची टोपी.

"सिस्टर ओला," त्या म्हणाल्या, "ही घरी गेल्यावर लागते का तुला?"

शुक्रवारी शहराचा इन्स्पेक्टर आला. तरुण, आमच्यासारखाच काळा, हातात मोजपट्टी. मळ्याच्या टोकाला चार बाया उभ्या होत्या, रविवारचे कोट, रविवारच्या टोप्या. एकीच्या हातात पर्ससुद्धा. शेजारी खुर्चीत मिस व्हर्लीन.

"ही काय आहेत, मॅडम?"

"बुजगावणी. चिमण्या फार झाल्यात."

तो जवळ गेला. जांभळ्या टोपीच्या बाईची बाही त्याने हलकेच उचलली. "हिला शेंगा लागल्यात."

"वय झालं की काय काय लागतं, बाळा."

त्याने मोजपट्टी उघडली.

"तुझ्या कागदात बुजगावण्याची उंची लिहिलीये?"

त्याने खरंच कागद वाचला, दोन्ही बाजूंनी. "नाही."

"कुणाचा रे तू?"

"प्रुइटांचा. लेमार."

"अलाबामाचे प्रुइट? आजीचं नाव?"

"अर्झुला."

"अर्झुला प्रुइट भाजीत साखर घालायची. सगळ्या चर्चला माहीत होतं."

"चमचाभरच," लेमार म्हणाला. "तिच्याकडेही बी होतं. ती गेल्यावर कुणी ठेवलं नाही."

मिस व्हर्लीननी त्याचा मोजपट्टीचा हात धरून नखं बघितली. "जुलै संपताना ये," त्या म्हणाल्या. "नखं मळवून ये."

त्याने कागदावर लिहिलं, 'बुजगावणी चार, हरकत नाही.' जाताना बायांना टोपी काढून नमस्कार केला.

शेंगा पिकल्या. आम्ही झाडं कापून, कोट-टोप्यांसकट, वाळवण्यासाठी चर्चच्या तळघरात उलटी टांगायला नेली. मिस व्हर्लीन म्हणाल्या, बाईमाणूस उलटं टांगायचं नाही. म्हणून टोप्या वर, सुलट टांगली. ऑगस्टच्या पहिल्या तीन शनिवारी एकेक बाई उतरवून, कोट काढून, उशीच्या अभ्र्यात घालून त्यांनी झोडपली. मी पाखडायचे. लेमार पाकिटं भरायचा. पाकिटांवर नावं त्या स्वतः घालत. माझ्या पाकिटावर कॉलेजबाई.

"जांभळी पुढच्या शनिवारी," त्या म्हणाल्या. "मला थोडं बसू दे."

मंगळवारी दुपारी त्या मळ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. शेजारी चहाची बाटली होती, डीकनची.

शनिवारी मी आणि लेमार तळघरात गेलो. डीकन आधीच आले होते, हातमोजे न घालता. तिघांचीही नखं काळी होती. ती दाखवायची कुणाला, ते कळेना. जांभळी टोपी तशीच वर होती, कोटाची बटणं लावलेली. आम्ही तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो.

टोपीला अजून कुणी हात लावलेला नाही.